घोड्यांना सप्लिमेंट दिलं की ते खरंच जोरात पळतात का? संपूर्ण माहिती मराठीत



घोड्यांच्या शर्यतीचा एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, की फोनला वाटतं आपल्याला घोडाच घ्यायचा आहे. मग जाहिराती सुरू. चमकणारा काळा घोडा, स्लो मोशनमध्ये उडणारी माती आणि शेवटी पावडरचा डबा. स्टॅमिना वाढवा, रक्त वाढवा, वेग वाढवा! खाली ऑर्डरचं बटण.

आजच्या लेखात मी एकाच प्रश्नाचं उत्तर देणार आहे. अशा पावडरी, टॉनिक किंवा इंजेक्शनमुळे शर्यतीचा घोडा खरंच जास्त वेगाने पळतो का? आणि पळत असेल, तर त्याची किंमत कोण मोजतं?

थोडक्यात उत्तर

घाई असेल तर एवढंच वाचा:

- घोडा निरोगी असेल आणि त्याला पोटभर योग्य आहार मिळत असेल, तर त्याला आणखी वेगवान करणारं सप्लिमेंट आजपर्यंत खात्रीने सिद्ध झालेलं नाही.
- आहारात खरोखर कमतरता असेल तर ती भरून काढल्याने घोडा त्याच्या मूळ क्षमतेपर्यंत परत येतो. त्या क्षमतेच्या पुढे जात नाही.
- काही औषधांनी शर्यतीच्या निकालात फरक पडू शकतो. पण ती एकतर शरीरातलं पाणी काढतात, नाहीतर स्नायू कृत्रिमपणे वाढवतात, नाहीतर दुखणं लपवतात. म्हणूनच त्यांच्यावर बंदी किंवा कडक नियम आहेत.

आता हे असं का, ते नीट समजून घेऊ.

आधी फरक ओळखा: चंदी, सप्लिमेंट आणि औषध

या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की गोंधळ सुरू होतो, आणि जाहिरातवाल्यांना तोच हवा असतो.

चंदी म्हणजे घोड्याला रोज दिलं जाणारं धान्य: ओट्स, बार्ली, हरभरा वगैरे. सोबत गवत, पाणी आणि मीठ. हा झाला आहार.

सप्लिमेंट म्हणजे आहारात कमी पडणारी गोष्ट वरून देणं. उदाहरणार्थ जीवनसत्त्वं, क्षार, खुरांसाठी बायोटिन.

औषध म्हणजे शरीराचं काम बदलणारा पदार्थ. वेदना कमी करणारा, लघवी वाढवणारा, स्नायू वाढवणारा.

डब्यावर "सप्लिमेंट" छापलं म्हणून आतला पदार्थ सप्लिमेंट ठरत नाही. शर्यतीचे आंतरराष्ट्रीय नियमही फक्त नावांच्या यादीवर चालत नाहीत. पदार्थ हृदय, रक्त, मज्जासंस्था, स्नायू अशा शरीराच्या कोणत्या यंत्रणेवर परिणाम करतो, यावर ते चालतात. त्यामुळे "हे नाव यादीत नाही" ही पळवाट तिथे चालत नाही.

घोडा आधीच "फुल स्पेसिफिकेशन" घेऊन जन्माला येतो

सप्लिमेंट का चालत नाही हे कळायला घोड्याच्या शरीराचे आकडे पाहावे लागतात. शर्यतीत पळणाऱ्या जातीला थरोब्रेड म्हणतात. वजन साधारण ४५० ते ५०० किलो आणि वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास.

हृदय: शांत उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण ३० ते ४० वेळा धडधडतं. शर्यतीत तोच आकडा २२० च्या वर जातो.

रक्त: घोड्याकडे एक नैसर्गिक युक्ती आहे. त्याच्या प्लीहेत लाल रक्तपेशींचा मोठा साठा असतो. पळायला लागला की प्लीहा आकुंचन पावते आणि तो साठा रक्तात येतो. विश्रांतीत रक्तात लाल पेशींचा वाटा साधारण ४० टक्के असतो, तो पूर्ण वेगात ६० टक्क्यांच्या पुढे जातो. बंदी असलेल्या पद्धतीने रक्तपेशी वाढवून सायकलपटू जे मिळवायचे, ते घोडा काही सेकंदांत स्वतःच करतो.

ऑक्सिजन: एक किलो वजनामागे मिनिटाला १५० मिलिलीटरपेक्षा जास्त ऑक्सिजन थरोब्रेड वापरू शकतो. जागतिक दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूचा आकडा साधारण ७० ते ८५ असतो. म्हणजे जवळपास दुप्पट.

श्वास: घोडा फक्त नाकाने श्वास घेतो आणि भरधाव पळताना एका ढांगेला एकच श्वास होतो. म्हणजे श्वासाचा वेग त्याला मनासारखा वाढवता येत नाही. पूर्ण वेगात हृदय आणि स्नायू जेवढं मागतात, तेवढा ऑक्सिजन फुफ्फुसं पुरवू शकत नाहीत.

मुख्य मुद्दा हाच आहे. घोड्याची अडचण फुफ्फुसांपाशी आहे, आणि पावडर पोटात जाते. फोनचं नेटवर्कच कमी असेल तर रॅम वाढवून व्हिडिओ अडकायचा थांबत नाही, तसंच हे आहे.

लोकप्रिय सप्लिमेंट्स: एकेकाचा हिशोब

१. क्रिएटिन

जिममध्ये जाणाऱ्यांना हे नाव पाठ असेल. माणसांमध्ये कमी वेळाच्या, जोराच्या व्यायामासाठी क्रिएटिनचा फायदा चांगला सिद्ध झालेला आहे. मग घोड्याला का नाही? कारण घोडा शाकाहारी आहे, आणि खाण्यातून दिलेलं क्रिएटिन त्याच्या आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. घोड्यांवर झालेल्या प्रयोगांत कामगिरीत फायदा दिसला नाही. माणसावर चालतं म्हणून घोड्यावर चालेलच असं नाही, हे लक्षात ठेवायला क्रिएटिन हे सोपं उदाहरण आहे.

२. बीटा ॲलानिन आणि कार्नोसिन

कार्नोसिन स्नायूंमधला आम्लपणा सांभाळतं. माणसाने बीटा ॲलानिन घेतलं की त्याच्या स्नायूंतलं कार्नोसिन वाढतं. पण थरोब्रेडच्या स्नायूंमध्ये ते मुळातच माणसाच्या कितीतरी पट असतं. भरलेल्या हंड्यात आणखी दोन तांबे ओतून काय होणार?

३. लोह आणि "रक्त वाढवणारी" टॉनिक

सगळ्यात जास्त खपणारा प्रकार. गवतातून आणि चंदीतून घोड्याला लोह भरपूर मिळतं, त्यामुळे निरोगी घोड्यात लोहाची कमतरता क्वचितच आढळते. जास्तीचं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही. ते साठत जातं आणि यकृताला त्रास देऊ शकतं.

४. गॅमा ओरायझेनॉल

तांदळाच्या कोंड्याच्या तेलातला पदार्थ. "नैसर्गिक स्नायूवर्धक" म्हणून विकला जातो. तो नीट शोषला जात नाही आणि स्नायू वाढतात याला भक्कम पुरावा नाही.

५. इलेक्ट्रोलाइट्स

इथे मात्र थोडं थांबा, कारण ही गोष्ट खरोखर उपयोगी आहे. उन्हात मेहनत करणारा घोडा तासाला १० लिटर किंवा त्याहून जास्त घाम गाळू शकतो, आणि त्या घामातून मीठ आणि पोटॅशियम भरपूर जातं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत किंवा उन्हाळ्यातल्या सरावात ते भरून देणं गरजेचंच आहे. पण दोन-अडीच मिनिटांत संपणाऱ्या शर्यतीत त्याने वेग वाढत नाही. पाणी न पाजता फक्त क्षार दिले तर उलट नुकसान होतं.

६. व्हिटॅमिन ई, सेलेनियम, बायोटिन

कमतरता असेल तर उपयोग होतो. बायोटिनने खुरांचा दर्जा सुधारू शकतो, पण त्याला कित्येक महिने लागतात, कारण खूर हळूहळू वाढतं. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांतलं अंतर फार कमी आहे. घोड्याला दिवसाला एक ते तीन मिलिग्रॅम पुरतं. त्याची एक दुःखद गोष्ट पुढे सांगतो.

सोड्याचा "मिल्कशेक"

नाव गोड असलं तरी यात दूध नाही. खाण्याचा सोडा, साखर आणि पाणी यांचं मिश्रण नळीने नाकातून थेट घोड्याच्या पोटात सोडायचं, याला रेसच्या जगात मिल्कशेक म्हणतात. कल्पना अशी, की जोरात पळताना स्नायूंत आम्ल वाढतं, ते सोड्याने कमी होईल आणि दम उशिरा लागेल.

हा विचार अगदीच चुकीचा नाही. पण घोड्यांवरच्या प्रयोगांचे निकाल मिश्र आहेत. काहींमध्ये थोडा फायदा, काहींमध्ये काहीच नाही. धोका मात्र नक्की आहे. नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर घोडा दगावू शकतो. शिवाय शरीरातल्या क्षारांचं गणित बिघडतं ते वेगळंच.

हे पकडणंही सोपं आहे. शर्यतीआधी रक्त घेऊन त्यातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात. आंतरराष्ट्रीय मर्यादा लिटरमागे ३६ मिलिमोल आहे. त्याच्या वर गेलं की कारवाई.

मग निकाल खरंच कशाने बदलतो?

आता औषधांकडे येऊ, कारण प्रामाणिकपणे सांगायचं तर काही औषधांनी फरक पडतो.

फ्युरोसेमाइड

हे लघवी वाढवणारं औषध. पूर्ण वेगात पळताना घोड्याच्या फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर इतका दाब येतो की त्या फुटतात आणि फुफ्फुसात रक्त उतरतं. शर्यतीच्या घोड्यांमध्ये हा त्रास सर्रास आढळतो. दक्षिण आफ्रिकेत १६७ घोड्यांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक घोडा दोनदा पळवला गेला. एकदा औषध देऊन आणि एकदा नुसतं मिठाचं पाणी देऊन. औषध दिल्यावर रक्तस्राव स्पष्टपणे कमी झाला.

पण या औषधाने घोडा लघवीवाटे दहा-पंधरा किलो वजनही गमावतो, म्हणजे हलका होतो. अमेरिका आणि कॅनडातल्या २२ हजारांहून जास्त घोड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या १९९९ च्या अभ्यासात औषध घेतलेले घोडे सहा फर्लांगच्या म्हणजे सुमारे १२०० मीटरच्या शर्यतीत साधारण अर्धा ते एक सेकंद पुढे होते. एक सेकंद कमी वाटतो ना? शर्यतीत तेवढ्यात पाच-सहा घोड्यांच्या लांबीएवढं अंतर पडतं.

मग हा उपचार आहे की फायदा उठवणं? यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. ब्रिटन, हाँगकाँग, ऑस्ट्रेलियात शर्यतीच्या दिवशी हे औषध चालत नाही. अमेरिकेत ते अनेक दशकं सर्रास वापरलं गेलं आणि आता तिथेही नियम कडक होत आहेत.

ॲनाबॉलिक स्टेरॉइड

२००८ मध्ये बिग ब्राऊन नावाच्या घोड्याने अमेरिकेची केंटकी डर्बी आणि प्रीकनेस या दोन मोठ्या शर्यती जिंकल्या. त्याला स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड दिलं जात होतं, आणि तेव्हा ते तिथे कायदेशीर होतं. तिसऱ्या, म्हणजे बेलमाँट शर्यतीआधी त्याच्या ट्रेनरने सांगितलं की आता डोस दिलेला नाही. त्या शर्यतीत बिग ब्राऊन शेवटचा आला. एका घोड्यावरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही. त्याच्या खुराला इजाही होती आणि ऊनही कडक होतं. पण त्यानंतर अमेरिकेत स्टेरॉइडवर बंधनं आली हे खरं.

वेदनाशामक

माझ्या मते हा सगळ्यात घातक प्रकार. १९६८ मध्ये डान्सर्स इमेज हा घोडा केंटकी डर्बीत पहिला आला, पण फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक सापडल्याने पहिला क्रमांक गेला. २०२१ मध्ये मेडिना स्पिरिटच्या रक्तात बीटामेथासोन हे सूज उतरवणारं औषध सापडलं आणि पुढच्या वर्षी त्याचंही डर्बीचं विजेतेपद काढून घेतलं गेलं. त्याच्या बाजूने सांगितलं गेलं की ते त्वचेला लावायच्या मलमातून आलं. नियमाने त्यामुळे फरक पडला नाही.

वेदनाशामकाने घोड्याची ताकद वाढत नाही. फक्त दुखणं कळेनासं होतं. हाडाला बारीक तडा असेल तर दुखतं, आणि दुखलं की घोडा स्वतःच वेग कमी करतो. ही त्याची धोक्याची घंटा. ती बंद केली की तो त्याच पायावर ताशी ६० किलोमीटरने पळतो आणि हाड मोडतं. अर्ध्या टनाच्या प्राण्याचा पाय असा मोडला की बहुतेक वेळा त्याला वाचवता येत नाही. आणि वर बसलेल्या जॉकीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

रक्त वाढवायचा खेळ: इपीओ आणि कोबाल्ट

सायकल शर्यतींमुळे इपीओ हे नाव गाजलं. लाल पेशी वाढवणारं हे संप्रेरक घोड्यांनाही दिलं गेलं. पण वर पाहिलं तसं घोड्याचं रक्त पळताना आधीच दाट झालेलं असतं. त्यात आणखी पेशी घातल्या तर ते चिकट होतं आणि हृदयाला ते ढकलणं जड जातं.

दुसरा धोका याहून वाईट. माणसासाठी बनवलेलं इपीओ घोड्याच्या शरीराला परकं वाटतं. त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती जागी होते आणि ती घोड्याच्या स्वतःच्या इपीओवरही हल्ला करते. मग नव्या लाल पेशी बनणंच थांबतं. रक्त वाढवायला दिलेल्या इंजेक्शनने रक्तक्षय होऊन घोडे मेल्याच्या नोंदी आहेत.

मग काहींनी कोबाल्टचा मार्ग धरला. कोबाल्ट हा बी १२ जीवनसत्त्वाचा घटक, त्यामुळे "हे तर साधं सप्लिमेंट" म्हणायची सोय. २०१४-१५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कोबाल्टची अनेक प्रकरणं उघड झाली. नंतर घोड्यांवर झालेल्या प्रयोगांत लाल पेशी वाढल्याचं काही दिसलं नाही. जास्त डोस दिलेल्या घोड्यांमध्ये थरथर, अस्वस्थता आणि रक्तदाब वाढणं मात्र दिसलं. म्हणजे फायदा शून्य आणि त्रास पूर्ण.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी घोड्यांच्या डोपिंगबद्दल दोन डझनांहून जास्त लोकांवर खटले भरले. त्यात ट्रेनर होते, पशुवैद्य होते आणि चाचणीत सापडू नये असं औषध विकणारेही होते. होर्हे नवारो या ट्रेनरला पाच वर्षांची आणि जेसन सर्व्हिसला चार वर्षांची कैद झाली. तिथे हा आता नुसता खेळाच्या नियमांचा प्रश्न राहिलेला नाही.

साधी चूकही महागात पडते

सप्लिमेंटने फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना, असं अनेकांना वाटतं. ही तीन उदाहरणं पाहा.

- २००९, फ्लोरिडा: पोलो खेळणाऱ्या घोड्यांना एका औषध दुकानात बनवून घेतलेलं जीवनसत्त्व आणि क्षारांचं इंजेक्शन दिलं. मिश्रणात सेलेनियमचं प्रमाण चुकलं होतं. २१ घोडे मेले.
- २०१४, ब्रिटन: राणी एलिझाबेथ यांची एस्टिमेट ही घोडी ॲस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसरी आली. चाचणीत मॉर्फीन सापडलं. खाद्यात खसखशीच्या झाडाचा अंश मिसळला गेला होता. दुसरा क्रमांक गेला.
- २०२०, फ्रान्स: जगातल्या सर्वात प्रतिष्ठित शर्यतींपैकी एक असलेल्या आर्क शर्यतीच्या आदल्या दिवशी नामवंत ट्रेनर एडन ओब्रायन यांना चार घोडे मागे घ्यावे लागले. खाद्यात झिलपॅटेरॉल हा बंदी असलेला पदार्थ आल्याचं कळलं होतं.

म्हणून ट्रेनर प्रत्येक पोत्याचा आणि डब्याचा बॅच नंबर जपून ठेवतात. पदार्थ सापडला की "मला माहीत नव्हतं" हे उत्तर पुरत नाही. घोडा ट्रेनरच्या ताब्यात असतो, त्यामुळे जबाबदारीही त्याचीच धरली जाते.

चाचणी कशी होते?

शर्यत संपली की विजेत्या आणि निवडलेल्या इतर घोड्यांची लघवी किंवा रक्त घेतात. लघवीसाठी घोड्याला शांत जागी उभं करून शीळ घालायची जुनी पद्धत आजही चालते! नमुन्याचे दोन भाग करून सील करतात. पहिल्यात काही सापडलं तर दुसऱ्याची तपासणी मागता येते.

प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र असतं. ते नमुन्यातल्या रेणूंचं वस्तुमान मोजून त्यांची ओळख पटवतं, साधारण आपल्या फिंगरप्रिंट स्कॅनरसारखं. मेडिना स्पिरिटच्या रक्तात सापडलेलं प्रमाण होतं मिलिलीटरमागे २१ पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक! शिवाय नमुने गोठवून ठेवता येतात. आज न सापडणारा पदार्थ उद्याच्या यंत्राला सापडू शकतो.

मग वेग खरंच वाढला तो कशाने?

१. बसण्याची पद्धत. हे वाचून मी स्वतः थक्क झालो. पूर्वी जॉकी खोगिरावर ताठ बसत. १९०० च्या आसपास ते रिकिबीत उभं राहून पुढे वाकून बसू लागले. २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, ही पद्धत रुळली त्या काळात शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या. कारण जॉकी स्वतःचं अंग स्थिर ठेवतो आणि प्रत्येक ढांगेला त्याला वर-खाली हलवायचं काम घोड्याला करावं लागत नाही. एवढा फरक कोणत्याच पावडरीने पडल्याचं सिद्ध झालेलं नाही.

२. वंश आणि जनुकं. स्नायूंच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाच्या प्रकारावरून घोडा कमी अंतराला चांगला की लांब पल्ल्याला, याचा अंदाज येतो. हे २०१० मध्ये डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

३. सराव, आहार, खुरांची निगा आणि विश्रांती. ऐकायला कंटाळवाणं, पण सगळ्यात महत्त्वाचं.

आणखी एक गंमत. सेक्रेटेरिएट या घोड्याने १९७३ मध्ये अमेरिकेच्या तिन्ही मोठ्या शर्यतींत केलेले विक्रम आजही मोडलेले नाहीत. ट्रॅक बदलतात, म्हणून फक्त यावरून निष्कर्ष काढू नये. ब्रिटनमधले घोडे, खासकरून कमी अंतराचे, वेगवान होत असल्याचं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं आहे. पण पन्नास वर्षांत सप्लिमेंटचा बाजार एवढा वाढूनही हे तीन आकडे जागचे हलले नाहीत, हे बोलकं आहे.

नवं तंत्रज्ञान आता दुसऱ्या दिशेने चाललं आहे. तुमच्या फोनमध्ये पावलं मोजणारा ॲक्सिलरोमीटर असतो ना, तसाच सेन्सर खोगिराखालच्या कापडात ठेवून घोड्याची ढांग मोजतात. डोळ्याला न दिसणारं लंगडणं त्यात आधी कळू शकतं आणि हाड मोडायच्या आत घोडा थांबवता येतो. वेदनाशामक जी घंटा बंद करतं, तीच हा सेन्सर मोठ्याने वाजवतो.

आपल्याकडे काय?

मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ पासून आहे. हिवाळ्यात मुंबईला आणि पावसाळ्यात पुण्याला शर्यती होतात. त्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. फेब्रुवारीत महालक्ष्मीला होणारी २४०० मीटरची इंडियन डर्बी ही देशातली मानाची शर्यत. क्लबच्या शर्यतीत डोपिंगचे नियम आणि चाचण्या असतात. पण गावोगावच्या छोट्या शर्यतींत घोड्याला काय टोचलं हे विचारणारा माणूस प्रत्येक ठिकाणी असतोच असं नाही. फोनवरच्या जाहिरातींचं खरं गिऱ्हाईक तिथेच आहे, म्हणून हा लेख.

जाहिरात दिसली तर हे ५ प्रश्न विचारा

१. अभ्यास घोड्यांवर झालाय का? माणसांवरचा किंवा उंदरांवरचा चालणार नाही.
२. तुलना कशाशी केली? तेच घोडे सप्लिमेंटशिवायही पळवले होते का?
३. कोणाला काय दिलंय हे मोजणाऱ्याला माहीत होतं का? घोड्याला पावडरवर विश्वास नसतो, पण ट्रेनर आणि जॉकीला असतो. नवीन डबा आणला की सरावही जरा मन लावून होतो.
४. घोडा वाईट पळाल्यावर डबा घेतला होता का? खूप वाईट दिवसानंतरचा दिवस तसाही बरा जातो. श्रेय मात्र पावडरीला मिळतं.
५. डब्यावर सगळे घटक, प्रमाण आणि बॅच नंबर आहे का? "गुप्त फॉर्म्युला" दिसला की सरळ पुढे स्क्रोल करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं जिमचं प्रोटीन किंवा क्रिएटिन घोड्याला देऊ का?
नको. फायदा नाही, आणि माणसांच्या अशा डब्यांत कॅफीनही असू शकतं. ते शर्यतीत बंदी असलेल्या पदार्थांत येतं.

"आयुर्वेदिक" किंवा "हर्बल" लिहिलेलं सुरक्षित असतं ना?
लेबलवरून ते ठरत नाही. मॉर्फीनसुद्धा झाडातूनच येतं. आत काय आहे आणि किती आहे हे महत्त्वाचं.

मग गावच्या शर्यतीच्या घोड्याला खुराक काय द्यावा?
चांगलं गवत, स्वच्छ पाणी, मीठ आणि कामाच्या प्रमाणात चंदी. चंदी एकदम वाढवू नका, पोटशूळ होतो. दात आणि खुरं वेळेवर दाखवा. सप्लिमेंट द्यायचंच असेल तर आधी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्या.

घोडा लंगडतोय, शर्यत परवा आहे. इंजेक्शन देऊन पळवू का?
अजिबात नाही. इंजेक्शनने दुखणं थांबेल, तडा भरणार नाही.

शेवटचं

जिममध्ये आपण पावडर घेतो तेव्हा डबा वाचतो, मित्राला विचारतो, पोट बिघडलं तर बंद करतो. घोड्याला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्याकडे सांगायचा एकच मार्ग आहे: दुखलं की हळू पळणं. म्हणून घोडा हळू पळायला लागला, तर डबा शोधण्याआधी त्याचा पाय हातात घेऊन बघा.

तुमच्या ओळखीत कोणी घोडा पाळत असेल तर हा लेख त्यांना व्हॉट्सॲपवर नक्की पाठवा.